प्रकल्प नोंदी: मार्केट यार्डातल्या अडत दुकानाची वेबसाइट

३ फेब्रुवारी २०२५

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत दुकानाचं काम आजपासून सुरू. दुकान अण्णा बघतात, हिशेब आणि कॉम्प्युटर त्यांच्या सुनेकडे. सगळे त्यांना वहिनी म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो.

जुनी वेबसाइट आहे. वहिनींनी ती स्वतःच्या फोनवर उघडून दाखवली. सगळं पान दिसतं, पण वाचता काहीच येत नाही. दोन बोटांनी ताणायचं, एक कोपरा वाचायचा, मग बाजूला सरकवत जायचं. कारण तिथेच शोधलं. पानात व्ह्यूपोर्टचा टॅग, म्हणजे पडद्याच्या खऱ्या रुंदीत पान मांड असं ब्राउझरला सांगणारी ओळ, नाही. तो नसला की फोनचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद असल्याचं धरून चालतो, तेवढ्या रुंदीत सगळं मांडतो आणि मग पडद्यात बसेल इतकं बारीक करतो. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा जवळपास सगळ्या वेबसाइट डेस्कटॉपसाठीच होत्या, त्या फोनवर निदान दिसाव्यात म्हणून केलेली ही सोय. पण नुसता टॅग टाकून इथलं दुखणं बरं होणार नाही. आतला सगळा साचा ९६० पिक्सेलला बांधलेला आहे. टॅग टाकला तर अक्षरं मोठी होतील आणि अर्धं पान पडद्याबाहेर जाईल. साचाच नवा हवा.

अण्णांची मागणी एका वाक्याची होती. "बाकी काय बी करा, भाव वर दिसला पायजे."

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पुढे प्रत्येक निर्णय याच्याशी ताडून बघायचा.

५ फेब्रुवारी

सौद्याच्या वेळी यार्डात गेलो. अजून कॉम्प्युटरवर एक चौकोनही काढलेला नाही आणि आठवडाभर काढायचाही नाही असं ठरवलंय. वेबसाइट कोण, कुठे, कशावर बघणार हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय साचा आखायला बसणं मला पटत नाही.

दिसलं ते असं. फोन एका हातात, दुसऱ्या हातात हळकुंड. हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, मग फोनकडे. अंगठ्याला हळदीची पूड, स्क्रीनगार्डला तडे, वरून ऊन. बघणारा पाच-सहा सेकंद थांबतो. भाव दिसला तर दिसला, नाहीतर फोन खिशात आणि शेजारच्याला हाक. साठीचे एक शेतकरी फोन हातभर लांब धरून बघत होते, त्यांच्या फोनची अक्षरं सेटिंगमधूनच मोठी केलेली. खरेदीदाराचा मुनीम मात्र गादीवर बसून लॅपटॉपवर बघतो आणि त्याला सगळे रकाने एकदम हवे असतात.

एकच पान या दोघांचंही काम करायला हवं. फोनसाठी वेगळी वेबसाइट काढणं ही एके काळची पद्धत. पण भाव दोन ठिकाणी भरायचे म्हटलं की एक जागा शिळी राहणारच, आणि शिळा भाव दाखवणं हे अडत दुकानाला परवडणारं नाही.

१० फेब्रुवारी

मजकूर मिळाला. दुकानाच्या माहितीपुस्तिकेची फाइल डीटीपीवाल्याकडून आली, श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटांतली. वेबवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये बदलून घेतली. अशा बदलात काही अक्षरं हमखास हलतात. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, 'शेतकऱ्यांना', 'व्यापाऱ्यांना' यातला अर्धा र तुटतो. वहिनींनी छापील पुस्तिका समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली. हे काम मुद्रितशोधनाचं असलं तरी डिझाइन करणाऱ्याने त्यात बसलंच पाहिजे असं माझं मत आहे. मजकूर स्वतः वाचला की त्यातलं काय लांब आहे, काय मोलाचं आहे, काय दोनदा आलंय ते कळतं आणि पानाची मांडणी तिथूनच सुरू होते.

पुस्तिकेत हरिपूरच्या पेवांवर फार चांगला मजकूर आहे. जमिनीत खोल खणलेली कोठारं, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं बाद झाली. अण्णा त्यावर तासभर बोलले. हा भाग कापायचा नाही, त्याला वेगळं पान द्यायचं.

१३ फेब्रुवारी

भावाचा तक्ता. या वेबसाइटचा जीव इथे आहे, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा.

रकाने सहा: माल, प्रत, आवक, किमान, कमाल, सरासरी. हळदीचा भाव क्विंटलला, बेदाण्याचा किलोला. डेस्कटॉपवर सहा रकाने ऐसपैस बसतात, ३६० पिक्सेलच्या फोनवर बसत नाहीत.

माझ्याबरोबर काम करणारा मुलगा मिरजेहून येतो, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "ताई, फोनवर प्रत्येक ओळीचं कार्ड करूया. सगळे असंच करतात." करून बघितलं. प्रत्येक मालाचं स्वतंत्र कार्ड, त्यात सहा गोष्टी एकाखाली एक. दिसायला नीटनेटकं, पण हिरव्या बेदाण्याचा भाव आणि पिवळ्याचा भाव यांच्यात आता अख्ख्या पडद्याचं अंतर पडलं. शेतकरी भाव तोलून बघतो, हळदीच्या राजापुरी जातीला काय आणि सेलमला काय. तक्त्याचा उपयोगच मुळी खालीवर नजर फिरवून तुलना करायला आहे. कार्डं केली की तक्ता मेला.

दुसरा मार्ग म्हणजे तक्ता बाजूला सरकवायचा. मुनीमाला चालेल. पण यार्डात उभ्या माणसाला सरासरीचा रकाना पडद्याबाहेर आहे हे कळणारच नाही.

शेवटी रकाने मोजायचं सोडलं आणि प्रत्येक रकाना कुणाच्या कामाचा हे विचारत गेलो. भाव बघणाऱ्याला आकडे तीन हवेत: किमान, कमाल, सरासरी. प्रत आणि आवक ही मालाचीच माहिती आहे, ती मालाच्या नावाशेजारी आणि त्याखाली दुसऱ्या ओळीत जाऊ शकते. मग फोनवर चारच रकाने उरतात. 'हळद, राजापुरी', त्याखाली जरा लहान अक्षरांत आवक, आणि उजवीकडे तीन आकडे, एककाखाली एकक येईल असे उजव्या कडेला लावलेले. रुंदी मिळाली की प्रत आणि आवक आपापल्या रकान्यात परत जातात. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचा मजकूर ज्या टॅगांत लिहितात त्या भाषेत, तो खराखुरा तक्ता आहे, रकान्यांच्या शीर्षकांसकट, म्हणजे पडदावाचक (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यालाही कुठला आकडा कशाचा ते कळतं.

वहिनींनी कागदावर काढलेला हा साचा बघितला आणि लगेच विचारलं, "आवक पोत्यात देता की क्विंटलमध्ये?" असा प्रश्न आला की काम मार्गी लागलं असं समजायचं.

१४ फेब्रुवारी

एकच गोष्ट. मराठी पानावर आकडे देवनागरी. फोन नंबरही देवनागरीच दिसेल, पण त्यामागच्या दुव्यात रोमन आकडेच घालायचे, नाहीतर दाबल्यावर फोन लागण्याची खात्री नाही.

१८ फेब्रुवारी

रंग. अण्णांना हळदीचा पिवळा हवा आणि तो हवाच. त्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं मोजली तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, २.३ ला १ एवढाच भरला. सुगम वेबसाइटसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ लागतो. त्याच पिवळ्यावर गडद तपकिरी अक्षरं घेतली तर साडेसहाच्या आसपास जातो. म्हणून पिवळा जमिनीला आणि तपकिरी अक्षरांना. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं कुठेही नाहीत. नियम सांगत बसलो नाही, अण्णांना दुकानाच्या दारात उन्हात नेऊन दोन्ही नमुने दाखवले. त्यांनी तपकिरीवर बोट ठेवलं.

२१ फेब्रुवारी

आज दिवसभर अक्षरं. वेबच्या मांडणीचे बरेचसे तयार साचे रोमन लिपी समोर ठेवून केलेले असतात आणि आपल्याकडे ते जसेच्या तसे उचलले जातात. मराठी मजकूर त्यात ओतला की अंग चोरून बसतो.

मुलाने एका तयार साच्यातून शीर्षकाची शैली घेतली होती. अक्षरांमध्ये थोडं अंतर सोडलेलं, रोमनमध्ये ऐटदार दिसतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटली. 'हळकुंड' या शब्दाचे चार तुकडे चार ठिकाणी. पडदा मोठा करून त्याला दाखवलं, त्याने निमूटपणे ती ओळ काढून टाकली आणि मग आपणहून बाकीच्या फाइलींतही शोधून काढली.

ओळींमधलं अंतर. रोमनला दीडपट पुरतं. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. 'सर्वांत', 'दर्जेदार', 'कृष्णाकाठ' असे शब्द दाटीच्या ओळींत आले की वरचा उकार आणि खालचा रफार एकमेकांना टेकतात. मजकुराला १.७ पट ठेवलं, शीर्षकांना १.३५. शीर्षक एकाच ओळीचं असतं तेव्हा घट्ट चालतं, पण फोनवर त्याच्या दोन ओळी होतात, म्हणून मोजमाप फोनवर केलं.

ओळीची लांबी. वाचायला सोपी ओळ साधारण ६०-७० अक्षरांची, असं रोमनसाठी म्हणतात. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, त्यासाठी 'सीएच' नावाचं एकक आहे, पण ते त्या फाँटातल्या रोमन शून्याच्या रुंदीवर ठरतं. देवनागरीत जोडाक्षरं, काने, मात्रा धरून अक्षर कशाला म्हणायचं इथूनच प्रश्न. आम्ही शब्द मोजले. पेवांच्या पानावर ओळीत दहाच्या आसपास शब्द आले की नजर पुढच्या ओळीवर नीट उतरते. ती रुंदी अक्षराच्या आकाराच्या पटीत लिहिली, म्हणजे अक्षरं वाढली तर स्तंभही वाढेल.

फाँट 'मुक्त' नावाचा, 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचा. मुक्तस्रोत आहे, बारीक आकारातही जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. सात वजनांपैकी (म्हणजे अक्षरांच्या जाडींपैकी) दोनच घेतली. प्रत्येक वजन म्हणजे वेगळी फाइल, आणि यार्डात गर्दीच्या वेळी नेट रडतं.

पानाच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद केली. ज्या फाँटांत ल आणि श ची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात त्यात मराठी वळण या नोंदीमुळेच येतं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही त्यावरूनच आवाज निवडतं.

२५ फेब्रुवारी

मुलाने विचारलं, "ताई, मला चांगला वेब डिझायनर व्हायचंय तर आधी काय शिकू? फिग्मा की फ्रेमवर्क?" फिग्मा म्हणजे पडद्यावर पान रेखाटायचं सॉफ्टवेअर, फ्रेमवर्क म्हणजे कोडचा तयार ढाचा.

जेवणाचे डबे उघडले होते, त्यामुळे निवांत बोलणं झालं. त्याला आधी थोडा इतिहास सांगितला, कारण तो कळल्याशिवाय लवचिक मांडणी म्हणजे काय हे डोक्यात बसत नाही. छापखान्यात कागदाचं माप आधी ठरतं. वेबवर बघणाऱ्याच्या पडद्याचं माप आपल्या हातात कधीच नव्हतं, तरी वर्षानुवर्षं लोक ९६० पिक्सेलचा कागद धरूनच पानं आखत राहिले. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या: टक्केवारीत मोजलेला साचा, डब्याबरोबर लहानमोठी होणारी चित्रं आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम बदलणाऱ्या मीडिया क्वेरी. याला त्यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन म्हटलं. तिन्ही गोष्टी आधीपासून होत्याच, त्या एका कामाला जुंपल्या त्यांनी. पुढे मार्च २०१७ मध्ये सीएसएस ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या जाळीत मांडणी करायची सोय, महिन्याभरातच प्रमुख ब्राउझरांत आलं. २०२३ पासून कंटेनर क्वेरीही सगळीकडे चालतात, म्हणजे तुकड्याला पडद्याऐवजी स्वतःच्या डब्याची रुंदी विचारता येते. आमची भावपट्टी पहिल्या पानावर पूर्ण रुंदीत आहे आणि पेवांच्या पानावर बाजूच्या अरुंद स्तंभात. दोन्हीकडे एकच कोड.

मग त्याच्या प्रश्नाचं उत्तर. आधी एचटीएमएल, आणि तेही मन लावून. शीर्षक कुठलं, यादी कुठली, तक्ता कुठला, बटण कुठलं आणि दुवा कुठला, हे टॅगमधून नीट सांगता येणं म्हणजे मजकूर समजणं. सगळी सीएसएस बंद करून पान वाचलं तरी त्याचा अर्थ लागला पाहिजे. ते साधलं की वरची मांडणी कितीही वाकवा, मोडत नाही. मग सीएसएस, पण तयार ढाचा न घेता. फ्लेक्स आणि ग्रिड या सीएसएसच्या मांडणीच्या पद्धतींमधला डबा मूळ नियमानुसार आतल्या सगळ्यात लांब शब्दापेक्षा अरुंद व्हायला तयार होत नाही, ही गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याची फोनवरची निम्मी डोकेदुखी कमी होते.

आणि तिसरं म्हणजे लिहिणं. हे ऐकून तो चमकला. त्याला कालचंच उदाहरण दिलं. बटणावर मजकूर होता, 'शेतकऱ्यांच्यासाठीची माहिती पाहण्याकरिता'. ३२० पिक्सेलला त्याच्या तीन ओळी होतात. शब्द मधेच तोडायची सोय सीएसएसमध्ये आहे, पण मराठी शब्द कुठेही तुटला की वाचणारा अडखळतो. आपली भाषा प्रत्यय जोडत जाते, शब्द लांब होणारच. इलाज सीएसएसमध्ये नव्हता, वाक्यात होता. बटणावर आता 'शेतकरी माहिती' आहे.

फिग्मा शिकायला थोडे दिवस लागतील, ते तो शिकेलच. पण बघायला, ऐकायला आणि लिहायला शिकणं हे रोजच्या कामात मुरत जातं, आणि माझ्या मते डिझायनरचं खरं भांडवल तेच.

४ मार्च

खिडकी ३२० पिक्सेलवर ठेवून हळूहळू रुंद करत गेलो. फोन, टॅबलेट, लॅपटॉप अशी यंत्रांची मापं समोर ठेवली नाहीत, रोज नवं माप बाजारात येतं. मांडणी कुठे अवघडते तेवढं बघितलं. भावाच्या तक्त्याला ३८ एमजवळ (एम हे अक्षराच्या आकाराच्या पटीतलं एकक) आवकेच्या रकान्यापुरती जागा मिळाली, तिथे पहिला बदल. ६० एमला बाजूचा स्तंभ सुरू झाला, तिथे दुसरा. बाकी मालाच्या चित्रांची जाळी ग्रिड स्वतःच सांभाळतं. एका चित्राला किमान एवढी रुंदी दे आणि बसतील तितकी शेजारी ठेव, एवढंच त्याला सांगितलं.

चित्रं: फोनवर आख्ख्या गोदामाचा फोटो म्हणजे पिवळा ठिपका. तिथे मोडलेल्या हळकुंडाचा जवळून काढलेला फोटो जातो, मोठ्या पडद्यावर गोदाम. प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी एचटीएमएलमध्ये लिहिली, म्हणजे चित्र उशिरा आलं तरी भावाचा तक्ता वाचताना खाली उडी मारत नाही.

१२ मार्च

अण्णांचा स्वतःचा फोन चाचणीला घेतला. अक्षरं सगळ्यात मोठ्या मापावर, शिवाय ठळक. भावपट्टी टिकली, कारण तिला उंची दिलेलीच नाही, मजकूर लागेल तेवढी घेते. दुकानाच्या पत्त्याच्या चौकटीला मुलाने पिक्सेलमध्ये उंची दिली होती, तिथे शेवटची ओळ कापली गेली. उंची काढली, आतली मोकळी जागा वाढवली. मग डेस्कटॉपवर ४०० टक्के झूम करून सगळी पानं पुन्हा. डब्ल्यूसीएजीच्या २०१८ च्या आवृत्तीपासून अटच आहे, ३२० पिक्सेल रुंदीतही पान बाजूला न सरकवता वाचता आलं पाहिजे. तक्त्यांना त्यातून सूट आहे. आम्ही ती घेतली नाही.

अण्णांनी चष्मा न लावता सरासरी भाव वाचून दाखवला.

३० मार्च

पाडवा. सकाळी वहिनींच्या हस्ते नवीन वेबसाइट सुरू केली. भाव भरायला एक साधा फॉर्म केलाय, तोही फोनवरून भरता येतो. त्यातली अक्षरं १६ पिक्सेलच्या खाली नेली नाहीत, नाहीतर आयफोनवर रकान्यात बोट ठेवलं की पान आपोआप झूम होतं आणि भरणाऱ्याचा जीव जातो. भाव थेट पानाच्या एचटीएमएलमध्ये लिहिले जातात, त्यामुळे स्क्रिप्ट पोचायच्या आत दिसतात.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन पहिल्या पानावर सगळ्यात वर हवं, असा दुकानातल्या एकांचा आग्रह होता. अभिमानाची गोष्ट आहे, पण वर भाव आहे. मानांकन त्याच्याखाली, फोनवरही एका अंगठ्याच्या अंतरावर.

८ एप्रिल

पुढचं काम कन्नड. बेदाणा विजयपूर, अथणीकडूनही इथल्या सौद्याला येतो आणि त्या बागायतदारांना भाव त्यांच्या भाषेत दिसावा असं वहिनींना फार वाटतं. मलाही.

मुक्त फाँटात कन्नड नाही, नोटो सान्स कन्नड घ्यावा लागेल. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, म्हणजे ओळींमधलं अंतर पुन्हा मोजायचं. मराठीचे १.७ तिथे पुरतील असं धरून चालायचं नाही. आज कच्चा मजकूर ओतून बघितला. जाळी, तक्ता, बाजूचा स्तंभ यांना हातही लावावा लागला नाही. 'सरासरी'च्या जागी आलेला शब्द मात्र रकान्याच्या बाहेर डोकावतो. त्या शीर्षकांना दोन ओळींची मुभा द्यायची, आकड्यांची जागा हलवायची नाही.

सोमवारी अथणीचे एक बागायतदार माल घेऊन येणार आहेत. वहिनी त्यांच्याच फोनवर पान उघडून देणार, मुलगा शेजारी उभा राहून काहीही न सांगता नुसतं बघणार आणि नोंद करणार.